मागणी वाढवायची म्हणजे नेमका कुणाच्या खिशात, कधी आणि किती पैसा?

पोटमाळा (धागाकर्ता)

२०२५ हे वर्ष मागणीला टेकू देण्याचं वर्ष होतं. फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर शून्य झाला. त्याच महिन्यात रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो) ६.५० वरून उतरायला लागला आणि डिसेंबरपर्यंत ५.२५ वर आला. २२ सप्टेंबरला, ऐन घटस्थापनेला, जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले. आपल्या राज्यात लाडक्या बहिणीचे महिना १,५०० रुपये तर जुलै २०२४ पासून सुरूच आहेत.

चौघांच्याही मागे युक्तिवाद एकच: लोकांच्या हातात पैसा खेळेल, खरेदी वाढेल, कारखाने चालतील, वाढीचा दर वर जाईल. खासगी उपभोग हा जीडीपीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असल्यामुळे युक्तिवाद चुकीचा नाही. पण हे चारही उपाय एकाच पिशवीत घालता येतील असं वाटत नाही. सरकारने सोडलेल्या एका रुपयामागे कशातून मागणी जास्त निघते, आणि बाकीचा रुपया कुठे गळतो?

पक्षीय धुणी इथे नकोत, त्यासाठी दुसरे धागे भरून वाहताहेत. उदाहरणं पुण्याच्या आसपासची चालतील. आकडे मात्र द्या.

---

खतावणी

जीएसटीपासून सुरुवात करतो, कारण तिथला पहिलाच हिशेब लोक चुकवतात. २८ चे १८ झाले म्हणजे किंमत दहा टक्क्यांनी उतरली, असं नाही. कर मूळ किमतीवर लागतो. मूळ ८०,००० ची दुचाकी (३५० सीसीपर्यंतची) आधी १,०२,४०० ला पडायची, आता ९४,४०० ला. वाचले ८,०००, म्हणजे आधीच्या किमतीच्या ७.८ टक्के. छोट्या पेट्रोल गाडीवर २८ अधिक १ टक्का उपकर होता. मूळ ५ लाखांची गाडी ६,४५,००० वरून ५,९०,००० वर आली.

आता पाच रुपयांचा बिस्किटपुडा घ्या. १८ टक्क्यांत मूळ किंमत ४.२४, कर ७६ पैसे. पाच टक्क्यांत तोच पुडा ४.४५ ला विकायला हवा. पण ४.४५ ची नाणी आणायची कुठून? म्हणून कंपनी किंमत पाचच ठेवते आणि वजन वाढवते. पूर्ण फायदा द्यायचा तर वजन सव्वाबारा टक्क्यांहून किंचित जास्त वाढायला हवं, म्हणजे ५० ग्रॅमच्या जागी ५६. ग्राहकाच्या खिशात नवा पैसा आलाच नाही, पुड्यात सहा ग्रॅम आले. ज्याला तेवढीच बिस्किटं पुरतात तो दहा पुड्यांऐवजी नऊवर थांबेल. कपातीचा फायदा मालाच्या रूपात मिळाला की तो दुसऱ्या खरेदीकडे वळेलच याची खात्री नसते.

विम्याचं आणखी वेगळं. वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावरचा १८ टक्के कर शून्य झाला. पण करमाफ सेवेवर कंपनीला कमिशन, भाडं, सॉफ्टवेअर यांच्यावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. तो खर्च कुठेतरी बसणारच. त्यामुळे मूळ २०,००० चा हप्ता २३,६०० वरून २०,००० वर आला तरी पुढच्या नूतनीकरणाला मूळ रक्कम किती सरकते ते पाहावं लागेल.

आणि हो, दुकानदाराने कपात दिलीच नाही तर? नफेखोरीविरोधी तक्रारींची खिडकी १ एप्रिल २०२५ पासून नव्या तक्रारींसाठी बंद आहे. म्हणजे कपात मोठी, आणि ती खाली पोचवायचं काम बाजारातल्या स्पर्धेवर सोडलेलं. दुचाकीत स्पर्धा आहे, तिथे पोचते. कोपऱ्यावरच्या सुट्या विक्रीत पोचेलच असं नाही.

---

चाकणमार्गे

खतावणींच्या हिशेबाला एक पुरवणी जोडतो, काळाची. कपातीची घोषणा १५ ऑगस्टला झाली, अंमल २२ सप्टेंबरला. मधले पाच आठवडे ग्राहक शोरूममध्ये येऊन कोटेशन घेऊन परत जाणार, दुसरं काय? ५५,००० रुपये वाचत असतील तर गणपतीत गाडी घेणारा शहाणा म्हणायचा का? त्यामुळे नवरात्रापासून दिवाळीपर्यंतची विक्री पाहताना ऑगस्ट आणि सप्टेंबरचा खड्डा त्यात भरून घ्यायला हवा. ऑगस्ट ते ऑक्टोबर एकत्र करून आधीच्या वर्षाशी ताडून पाहा, मगच 'वाढ' म्हणा.

या खड्ड्यात वितरक कसा अडकतो ते सांगतो. ऑगस्टमध्ये घेतलेल्या गाडीवर त्याने जीएसटी आणि भरपाई उपकर दोन्ही भरलेले असतात. जीएसटीची वजावट पुढे वापरता येते. उपकराची वजावट मात्र फक्त उपकर भरायलाच वापरता येते, आणि गाड्यांवरचा उपकरच गेला! छोट्या गाडीमागे रक्कम चारपाच हजारांची. पण २२ टक्के उपकराच्या एसयूव्हीत मूळ १२ लाखांवर २,६४,००० होतात. वीस गाड्यांचा साठा असेल तर अर्ध्या कोटीवर रक्कम खात्यात दिसते आणि वापरता येत नाही. हा माणूस सणाला जास्त माल उचलणार की कॅश क्रेडिटची (बँकेकडच्या खेळत्या कर्जाची) मर्यादा सांभाळणार?

आता कारखान्याच्या बाजूने. मागणी दहा टक्के वाढली म्हणून कुणी लगेच नवी लाइन टाकत नाही. आधी ओव्हरटाइम, मग रविवार, मग तिसरी पाळी, मग कंत्राटी कामगार. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत उत्पादनक्षमतेचा वापर बरीच वर्षं ७५ टक्क्यांच्या आसपास रेंगाळतोय. चौथा हिस्सा रिकामा असताना चाकण-तळेगावच्या पट्ट्यातला पुरवठादार नवा प्रेस कशाला घेईल? प्रेस, डाय, शेड मिळून पैसा सातआठ वर्षं गुंततो. त्याला सणाची विक्री नको असते, पुढच्या चार तिमाहींचं वाहन कंपनीकडून आलेलं वेळापत्रक हवं असतं. मागणीतून गुंतवणूक निघते ती या वेळापत्रकातून.

सप्टेंबर २०१९ आठवा. कंपनी कर ३० वरून २२ टक्के, नव्या उत्पादन कंपन्यांना १५. सरकारने १,४५,००० कोटींवर पाणी सोडलं. अडचण गिऱ्हाइकाची होती आणि सवलत कारखानदाराला दिली. ऑर्डर नसताना करसवलत मिळाली तर कंपनी आधी कर्ज फेडते, आणि त्यात तिचं काही चुकतही नाही.

---

टेकडीवर

रेपो आणि आयकर दोन्ही घेतो, कारण दोन्हींत पैसा मिळतो तो एकाच प्रकारच्या घरांना.

ऑक्टोबर २०१९ पासूनची बदलत्या दराची नवी गृहकर्जं बाह्य निर्देशांकाला, बहुतेक बँकांत रेपोला, बांधलेली आहेत. तीन महिन्यांतून एकदा तरी दर बदलावाच लागतो. २० वर्षांचं ५० लाखांचं कर्ज ८.५ टक्क्याने असेल तर हप्ता ४३,३९१. ७.५ ला तो ४०,२८० होतो. महिन्याला ३,१११ सुटले.

सुटले असं कागदावर. बहुतेक बँका हप्ता तसाच ठेवतात आणि मुदत कमी करतात. ४३,३९१ भरत राहिलात तर तेच कर्ज २४० ऐवजी साधारण २०५ महिन्यांत फिटतं. कर्जदाराच्या दृष्टीने हे उत्तमच. पण मागणीच्या हिशेबात या वर्षी खर्चायला एक पैसाही सुटला नाही, जो सुटला तो सतरा वर्षांनंतर. रेपो कपात घराघरांत पोचून खरेदी का दिसत नाही याचं निम्मं उत्तर इथे आहे. हप्ता कमी करून हवा असेल तर शाखेत तसा अर्ज द्यावा लागतो. आणि जुनं एमसीएलआरचं (बँकेच्या स्वतःच्या निधीखर्चावर ठरणाऱ्या दराचं) कर्ज असेल तर दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने बदलतो. फेब्रुवारीची कपात तिथे दिवाळीनंतरही उगवू शकते.

आयकराचं: १२ लाख उत्पन्नावर आधीच्या नव्या प्रणालीत ८०,००० कर होता (उपकर सोडून), तो शून्य झाला. पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून १२,७५,००० पर्यंत. महिन्याला ६,६६७ रुपये एप्रिलच्या पगारापासून हातात, कारण टीडीएसच कमी कापला जातो. वेग चांगला. पण हिंजवडीतल्या ज्या घरात खर्च आधीच भागत होता तिथे ६,६६७ पैकी किती बाजारात येतील? एसआयपीत (म्युच्युअल फंडाच्या मासिक हप्त्यात) गेले तर ते दुसऱ्या कुणाकडचे जुने शेअर घेतात. त्या महिन्यात त्यातून कुठलं यंत्र हललेलं नसतं.

एक बाजू मात्र दुर्लक्षित राहते. जुन्या प्रणालीत ८०सी च्या करवजावटीसाठी दीड लाख सक्तीने बाजूला पडायचे. नव्यात ती सक्ती नाही. कर वाचल्यापेक्षा ही सक्ती सुटल्यामुळे तरुण पगारदारांचा खर्च जास्त वाढत असेल, असा माझा अंदाज.

---

सदाशिव_पेठेतून

कर्जदारांचं कौतुक झालं असेल तर ठेवीदारांकडेही बघा. रेपो उतरला की मुदत ठेवींचे दर उतरतात. २० लाखांच्या ठेवीवर एक टक्का म्हणजे वर्षाला २०,०००. पेठांत आणि कोथरूडला निवृत्तांची घरंच्या घरं व्याजावर चालतात. कर्जदाराला मुदतीत सूट मिळते, ठेवीदाराची मात्र महिन्याची रोकड कमी होते. ठेव मुदत संपेपर्यंत जुन्या दराने चालते, म्हणून फटका एकदम बसत नाही, पण बसतो. हा वजा आकडा कुणीच का मांडत नाही?

---

टेकडीवर

मान्य, राहिलंच ते. म्हणून ज्या देशात घरांकडे कर्जापेक्षा ठेवी जास्त असतात तिथे व्याजदर कपात उपभोगापेक्षा गुंतवणुकीच्या वाटेने काम करते. आणि ती वाट चाकणमार्गे यांनी सांगितलेल्या रिकाम्या क्षमतेपाशी अडते.

---

मंडईकाठ

लाडक्या बहिणीचा हिशेब मी मांडतो. २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांच्या आतल्या कुटुंबातल्या बायकांना महिना १,५००. २०२५-२६ साठी राज्याच्या अर्थसंकल्पात तरतूद ३६,००० कोटी.

या घरांत १०० रुपयांपैकी ९० खर्च होतात असं धरू. १,५०० चे १,३५० बाजारात आले. किराणा, गॅस, शाळेच्या वह्या, भिशी. त्यातला ६० टक्के पैसा स्थानिक उत्पन्न झाला असं धरू. बाकी कर, बाहेरून येणारा माल, तेल. म्हणजे दुसऱ्या फेरीत ८१० रुपये कुणाचं तरी उत्पन्न. त्याचे पुन्हा ९० टक्के खर्च, पुन्हा ६० टक्के स्थानिक. दर फेरीला ०.५४ ने गुणत गेलं की १,३५० भागिले ०.४६, साधारण २,९३५. दीड हजारातून जवळजवळ दुप्पट! बारा लाखवाल्याच्या सवलतीत हे होणार नाही.

---

खतावणी

मंडईकाठ, दिशा बरोबर, पण दोन ठिकाणी हिशेब फुगलाय.

पहिलं, २,९३५ ही एकूण *विक्री* झाली. वाढीच्या दरात विक्री धरत नाहीत, मूल्यवृद्धी धरतात. दुकानदाराने ९५ ला आणलेलं तेल १०० ला विकलं तर त्याचे पाचच धरायचे. म्हणून सुरुवात १,३५० पासून नको, ८१० पासून हवी. ८१० भागिले ०.४६ म्हणजे १,७६१. गुणक, म्हणजे दिलेल्या दर रुपयामागे वाढलेलं उत्पन्न, झाला १.१७.

दुसरं, पहिल्या फेरीत खर्च करणारी बाई गरीब आहे म्हणून ९० टक्के. पण दुसऱ्या फेरीतला पैसा रविवार पेठेतल्या घाऊक व्यापाऱ्याकडे, गुलटेकडीच्या आडत्याकडे, टेम्पोमालकाकडे गेला. ते ९० टक्के खर्च करत नाहीत. तिथे ६० टक्के धरा. मग पुढच्या फेऱ्यांचं प्रमाण ०.३६, आणि ८१० भागिले ०.६४ म्हणजे १,२६६. गुणक ०.८४.

म्हणजे गृहीतकं जरा हलवली की उत्तर एकाच्या या बाजूला किंवा त्या बाजूला. राष्ट्रीय सार्वजनिक वित्त आणि धोरण संस्थेतल्या सुकन्या बोस आणि एन. आर. भानुमूर्ती यांच्या अभ्यासात हस्तांतरणाचा (लोकांना थेट दिलेल्या पैशाचा) गुणक ०.९८ आला होता, भांडवली खर्चाचा (रस्ते, पूल अशा टिकाऊ कामांवरच्या खर्चाचा) २.४५. तुमचा आणि माझा आकडा त्या ०.९८ च्या दोन्ही अंगांना पडतो, हे बरंच झालं.

---

मंडईकाठ

विक्री-मूल्यवृद्धीची चूक मान्य. पण मग एक अट दोन्ही हिशेबांत टाका: जिथे खर्च होतो तिथे माल वाढवता येतो का? बिस्किटाच्या कारखान्यात दुसऱ्या दिवशी पाळी वाढते. दुधाची मागणी वाढली म्हणून म्हैस उद्या वीत नाही. भाजी, दूध, डाळ यांत पुरवठा यायला हंगाम लागतो. गरीब घरातला वाढीव रुपया नेमका तिथेच जातो. पाऊस चांगला झालेल्या वर्षी त्याच दीड हजारातून उत्पादन निघेल, टंचाईच्या वर्षी भाव निघेल. योजना तीच, रक्कम तीच.

---

पोटमाळा

मग २.४५ वाला भांडवली खर्चच सगळ्यात उत्तम म्हणायचा? केंद्राची तरतूद २०२५-२६ ला ११.२१ लाख कोटी होती, शिवाय राज्यांना पन्नास वर्षांची बिनव्याजी कर्जं दीड लाख कोटींची.

---

मोजमाप_वही

गुणक मोठा, पण तो सुरू कधी होतो? मंजुरी झाली म्हणजे पैसा बाजारात आला असं समजणारे खूप. रस्त्याच्या कामाचा क्रम पाहा. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. त्याआधी भूसंपादन, पुण्याच्या रिंगरोडसारख्या कामात खरा वेळ तिथेच जातो. भूसंपादनाचा मोबदला हाही 'भांडवली खर्च' म्हणूनच नोंदवला जातो. पण जमिनीची मालकी बदलली म्हणून एक पोतंही सिमेंट खपत नाही. त्या पैशातून पुढे बंगला झाला तर खपतं, दुसरीकडे जमीन घेतली तर पुन्हा शून्य.

काम सुरू झाल्यावरही पैसा मोजमापाने निघतो. थर पडला, अभियंत्याने मोजमाप पुस्तिकेत नोंद केली, चालू देयक लागलं, सुरक्षा ठेव कापली गेली, उरलेलं मिळालं. देयक थकलं की कंत्राटदार खडीवाल्याला थकवतो, खडीवाला डंपरवाल्याला. गुणक तिथेच गुदमरतो. नवं काम मंजूर करण्याआधी जुनी देयकं फेडली तर तितक्याच पैशात मागणी लवकर हलते, कारण तो माल आधीच वापरलाय आणि साखळीतला प्रत्येक जण उधारीवर बसलाय. पण थकबाकी फेडण्याचा नारळ फोडता येत नाही.

मंदी दोन तिमाहींची असेल आणि उड्डाणपूल चार वर्षांचा, तर ते वरातीमागून घोडं. दुरुस्ती, डांबरीकरण, शाळेच्या खोल्या, जलवाहिनी बदलणं अशी लहान, जमीन न लागणारी आणि मजुरीचा वाटा जास्त असलेली कामं आराखड्यासह तयार ठेवलेली असतील तरच भांडवली खर्च वेळेवर उपयोगी पडतो.

---

चाकणमार्गे

वेळेवरून मुद्रांक शुल्काची आठवण झाली. मुदतीच्या सवलतीचं याहून स्वच्छ उदाहरण नाही. राज्याने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० शुल्क तीन टक्क्यांनी कमी केलं, आणि १ जानेवारी ते ३१ मार्च २०२१ दोन टक्क्यांनी. ७० लाखांच्या फ्लॅटवर आधी २,१०,००० वाचत होते. ३१ डिसेंबर उलटला की त्यातले ७०,००० गेले. डिसेंबरअखेर आणि मार्चअखेर दुय्यम निबंधक कार्यालयांत काय होणार ते वेगळं सांगायला नको. शुल्क भरून दस्त करून ठेवला की नोंदणीला चार महिने मिळतात, या तरतुदीने बरीच गर्दी पुढे ढकलता आली.

यातली नवी मागणी किती आणि एप्रिल-मेची उसनी घेतलेली किती? जुन्या फ्लॅटच्या पुनर्विक्रीत पैसा एका खात्यातून दुसऱ्यात जातो. नवं काही असेल तर दलाली, रंगकाम, मॉड्युलर किचन. चालू बांधकामातला फ्लॅट विकला गेला तर मात्र थांबलेला स्लॅब पडतो, सिमेंट-सळई लागते. सवलत दोघांना सारखीच मिळाली.

---

टेकडीवर

उसनी मागणी नेहमी वाईट नसते. २०२० साली घरात बसलेला रुपया बाहेर काढणं हाच हेतू होता. जर्मनीने त्याच वर्षी जुलै ते डिसेंबर मूल्यवर्धित कर १९ वरून १६ आणि ७ वरून ५ केला, तारीख आधीच जाहीर करून. 'नंतर महाग होणार' हे कळल्याशिवाय माणूस आज खरेदी करत नाही. आपली जीएसटी कपात कायमची आहे, त्यामुळे तिचा परिणाम हळू पण टिकाऊ असावा. दिवाळीत एकदम उसळी अपेक्षित धरणं हीच चूक.

१२ ऑक्टोबर २०२० ची केंद्रीय कर्मचाऱ्यांची एलटीसी (रजा प्रवास सवलत) रोख योजनाही बघण्यासारखी होती. प्रवासभाड्याच्या तिप्पट खरेदी करायची, वस्तूवर जीएसटी १२ टक्के किंवा जास्त हवा, पैसे डिजिटलच, मुदत ३१ मार्च. सरकारचा एक रुपया सुटण्यासाठी कर्मचाऱ्याने पदरचे दोन घालायचे. गळती जवळपास बंद. पण ज्याला टीव्ही घ्यायचाच होता त्याने त्याचंच बिल जोडलं असेल, तर नवी मागणी शून्य.

जपानने १९९९ मध्ये लहान मुलांच्या घरांना आणि काही ज्येष्ठांना माणशी २०,००० येनची कुपनं वाटली, सहा महिन्यांत संपवायची अट घालून. कुपनं वापरली गेली. पण अभ्यासातून निघालेला वाढीव खर्च दर रुपयामागे दहावीस पैशांचाच. लोकांनी कुपनाने किराणा घेतला आणि किराण्याचे पैसे बँकेत ठेवले.

---

सदाशिव_पेठेतून

म्हणजे अटी घातल्या तर लोक वळसा घालतात, नाही घातल्या तर एसआयपी करतात. मग सरकारने करायचं काय?

---

खतावणी

ज्याच्याकडे वळसा घालायला दुसरा पैसाच नाही त्याला द्यायचं. जपानी कुपनाची युक्ती बचत असलेल्यालाच जमते.

पण पैसा येतो कुठून तेही बघा. जीएसटी कपातीत सरकारी अंदाजाने निव्वळ ४८,००० कोटींचा महसूल जातो, आयकरात एक लाख कोटींचा. केंद्राची तूट २०२०-२१ मध्ये जीडीपीच्या ९.२ टक्के होती, २०२५-२६ चं लक्ष्य ४.४. एका हाताने सवलत द्यायची आणि तूटही कमी करायची तर दुसरीकडे कुठेतरी खर्च आवळावा लागतोच. राज्यात तो ताण कंत्राटदारांच्या देयकांवर पडला, तर ०.९८ वाल्या खर्चासाठी २.४५ वाला रोखल्यासारखं होतं. मोजमाप_वही यांचा मुद्दा म्हणून महत्त्वाचा.

---

मोजमाप_वही

दोन्हींचा मेळ घालणारी योजना आपल्याच राज्यात पन्नास वर्षांपूर्वी निघाली होती. १९७२ च्या दुष्काळातली रोजगार हमी, वि. स. पागे यांची कल्पना. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. तिचं वैशिष्ट्य मजुरीच्या दरात नव्हतं. मागेल त्याला काम, त्यामुळे दुष्काळ पडला की खर्च आपोआप वाढायचा आणि पाऊस झाला की आपोआप उतरायचा. मंदी आली आहे की नाही हे ठरवायला समिती नको. पैसा थेट ज्याच्या घरात नाही त्याच्या हातात, आणि बदल्यात पाझर तलाव, नालाबांध. घोटाळा व्हायचा तो हजेरीपटात आणि कामाच्या मोजमापात, आणि तो व्हायचाही. पण वेळेचा प्रश्न सुटलेला होता.

डिसेंबर २०२५ मध्ये मनरेगाच्या जागी आलेल्या नव्या कायद्यात दिवस १०० चे १२५ झाले. पण राज्याचा वाटा ४० टक्के आणि निधीचं प्रमाण केंद्र आधीच ठरवणार. आधी ठरवलेला निधी दुष्काळाच्या वर्षी आपोआप कसा वाढणार, हे मला कळलेलं नाही.

---

पोटमाळा

आणि हमीचा पैसा यायचा कुठून? त्या काळी राज्याकडे काय होतं?

---

मोजमाप_वही

तुमच्या पगारपत्रकात आहे तो. व्यवसाय कर, १९७५ चा, रोजगार हमीसाठीच बसवलेला. जमेल तेवढ्याच रकमेची भर सरकारने घालायची. शहरातल्या पगारदाराकडून काढून दुष्काळी भागातल्या मजुराला. ज्याच्याकडे शिल्लक पडते त्याच्याकडून घेतलं आणि ज्याच्याकडे पडत नाही त्याला दिलं, म्हणजे तूट न वाढवता मागणी.

अवांतर: दरमहा २०० कापतात आणि फेब्रुवारीत ३००, ते वर्षाची कमाल मर्यादा २,५०० जुळवायला.